लोहवाली बाजरी पेरली खरी, पण ती खातंय कोण?

जिरायतदार (धागाकर्ता)

पारनेर तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन. खरिपाला बाजरी, पाऊस साथ देईल तर मागं हरभरा. बाजरीत मी बरीच वर्षं 'धनशक्ती' लावतो. मागच्या हंगामात अडतीवर माल उतरवताना सहज म्हणालो, या बाजरीत लोह जास्त आहे बरं का. अडत्या म्हणाला, "मग भंगारवाल्याकडं न्यायची, दोन पैसे जास्त मिळाले असते." हमाल हसले, मीही हसलो. पोती शेजारच्या हायब्रीडच्या ढिगावर रिकामी झाली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी. वरून गोळी नाही, पिठात पावडर नाही. पिकाच्या दाण्यातच लोह, जस्त किंवा अ-जीवनसत्त्व जास्त भरेल असा वाण निवडायचा. कृषी खात्याच्या पत्रकात याला 'जैवसंपृक्त वाण' म्हणतात. जगात हे काम 'हार्वेस्टप्लस' या कार्यक्रमानं २००३ पासून जोरात धरलं. त्यामागचा हॉवर्थ बुइस हा माणूस शेतीतला नव्हे, अर्थशास्त्रातला. २०१६ चं जागतिक अन्न पारितोषिक त्याला आणि नारिंगी रताळ्यावर काम करणाऱ्या तिघांना मिळून मिळालं.

आपल्याकडची सुरुवात मात्र बाजरीनं झाली, आणि तीही महाराष्ट्रात. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथं आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या 'इनियादी' नावाच्या गावरान बाजरीतून आयसीटीपी ८२०३ हा वाण काढला होता. १९८८ मध्ये तो आपल्याकडं प्रसारित झाला. टपोरा राखाडी दाणा, लवकर येणारा, त्यामुळं कमी पावसाच्या पट्ट्यात लोकांनी उचलला. पुढं तपासताना लक्षात आलं की याच वाणात लोह बऱ्यापैकी आहे, आणि झाडागणिक कमीजास्त आहे. मग जास्त लोहाची झाडं निवडत निवडत धनशक्ती तयार झाली. इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचं हे काम. २०१२ ला महाराष्ट्रासाठी प्रसारित, नंतर देशभरासाठी. पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सनं बियाणं बाजारात आणलं. लोह किलोला ७१ मिलिग्रॅम, जस्त ४०.

त्यानंतर संकरित वाणही आले. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या केंद्राचे एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ (दुसऱ्यात लोह ९१), धुळ्याच्या बाजरी केंद्राचा फुले महाशक्ती. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीत 'परभणी शक्ती' दिली. गव्हात पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ४०२८ आहे. म्हणजे वाणांचा दुष्काळ नाही.

प्रश्न असा की पेरणाऱ्याला याचे पैसे मिळत नाहीत आणि खाणाऱ्याला आपण काय खातोय ते कळत नाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, 'श्री अन्न' नाव मिळालं, शहरात बाजरीची बिस्किटं आली. त्या बिस्किटात कुठली बाजरी आहे हे कुणी विचारतं का? बोला.

---

तिखटमीठ

चांगला धागा. पण किलोला ७१ मिलिग्रॅम म्हणजे ताटात किती, ते सांगा ना दादा. आम्हाला भाकरीत कळतं.

---

जिरायतदार

तिखटमीठ ताई, रोज तीन भाकऱ्या धरल्या तर साधारण २०० ग्रॅम पीठ. धनशक्तीचं असेल तर त्यात चौदा मिलिग्रॅमच्या आसपास लोह. साध्या हायब्रीडचं असेल तर आठ-नऊ. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये बाईमाणसासाठी दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे, पुरुषासाठी १९. म्हणजे जवळपास निम्मी गरज भाकरीच भागवते. उरलेलं डाळ, पालेभाजी वगैरे.

---

पेठेतला_पोपट

पुन्हा एकदा प्रयोगशाळेतलं बियाणं आणि पुन्हा एकदा परदेशी पैसा. आधी हरितक्रांतीनं धान्याचा कस घालवला, आता तोच कस परत विकायला आले. हे जनुकबदल केलेलं नाही कशावरून? फिलिपिन्समध्ये त्या सोनेरी तांदळाचं काय झालं ते वाचा. आमची आजी गावरान बाजरी खायची, नव्वदीपर्यंत चष्मा नव्हता.

---

पेशीरचना

पोपटराव, चष्म्याचा आणि लोहाचा संबंध नाही :)

धनशक्ती जनुकबदल केलेली नाही. शेतात उभ्या झाडांतून निवड, एवढंच. आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षं तेच केलं, फक्त त्यांच्याकडं लोह मोजायचं यंत्र नव्हतं. सोनेरी तांदूळ ही निराळी गोष्ट. पोट्रिकस आणि बायर यांनी २००० साली दाखवलेला, डॅफोडिलचं जनुक घातलेला. फिलिपिन्सनं २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या न्यायालयानं ती रोखली. तांदळाच्या दाण्यात बीटा-कॅरोटिन (शरीरात ज्याचं अ-जीवनसत्त्व होतं ते) तयार करणारी जातच नव्हती म्हणून तिथं बाहेरचं जनुक आणावं लागलं. बाजरीत लोहाचा फरक मुळातच आहे, म्हणून निवडीनं भागलं.

कस घटल्याचं तुमचं म्हणणं मात्र खोटं नाही. बंगालमधल्या बिधानचंद्र कृषी विद्यापीठाच्या लोकांनी वेगवेगळ्या दशकांत प्रसारित झालेले भात आणि गव्हाचे वाण एकाच मातीत वाढवून तपासले. साठच्या दशकातल्या भातात जस्त किलोला २७ मिलिग्रॅमच्या आसपास, दोन हजारनंतरच्यात २०-२१. गव्हातही तशीच उतरण. माती तीच होती, म्हणजे दोष निव्वळ मातीचा नाही. निवड करताना उत्पादन, उंची आणि तांबेरा बघितला, लोह-जस्त कुणी बघितलंच नाही. जे मोजलं नाही ते निसटलं.

आणि पुढचं संकट हवेतलं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवून गहू उघड्या शेतात पिकवण्याचे प्रयोग झाले. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये ते आले: या शतकाच्या मध्याला अपेक्षित असलेल्या पातळीवर गव्हातलं जस्त नऊ टक्क्यांच्या वर घटतं, लोह पाच टक्क्यांनी. तेव्हा हे वाण काढणं म्हणजे मागचं भरून काढणं तर आहेच, पुढची घट थोपवणंही आहे.

---

बार्शीकर

बाजरीचं नगरवाले बघून घेतील. आमच्याकडं ज्वारी. परभणी शक्तीत लोह ४५ आणि जस्त ३२ सांगतात, साध्या ज्वारीत ३० आणि २०. आकडा मोठा वाटतो. पण आमच्याकडं बाई भाकरी थापायला बसली की आधी विचारते, मालदांडी आहे का? मालदांडीची भाकरी पांढरीशुभ्र, दुसऱ्या दिवशीही मऊ, आणि कडबा असा की जनावर दावं तोडून येतं. नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचा वाण, अजून त्याला हलवणारा भेटला नाही. पोषण दुसऱ्या नंबरला, कडबा पहिल्या. दूध कडब्यावर निघतं साहेब, लोहावर नाही.

---

जिरायतदार

बार्शीकर, शंभर टक्के. बाजरीतही तेच. धनशक्ती पंच्याहत्तर-ऐंशी दिवसांत घरात येते, पाऊस मागं सरला तरी निभावते, पण सरमाड कमी. चांगलं हायब्रीड एकरी दोन-चार क्विंटल जास्त देऊन जातं आणि वैरणही जास्त. दावणीला चार गुरं असतील तर माणूस हायब्रीडच घेणार. मी पेरतो कारण घरी खायला लागते आणि बियाणं घरचं धरता येतं.

---

ताटवाटी

आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७.१ टक्क्यांत रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात ६८.९. पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या आपल्या राज्यातल्या ५४.२ टक्के बायकांत. आधीच्या सर्वेक्षणापेक्षा देशाचे आकडे वाढलेत, आणि या मधल्या काळात लोहाच्या गोळ्या वाटणं चालूच होतं. गोळ्या मिळतात, घेतल्या जात नाहीत. मळमळतं, शौचाला काळी होते, सासूबाई म्हणतात बाळ काळं होईल. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या गरोदर बायकांच्या पर्समध्ये न उघडलेली पाकिटं असतात. म्हणून रोजच्या घासातूनच लोह जावं ही कल्पना मला मनापासून पटते.

पुरावा आहे का? आहे, आणि तो आपल्याच भाकरीचा. महाराष्ट्रातल्या निवासी शाळांत १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींवर सहा महिने अभ्यास झाला. एका गटाला लोहवाल्या बाजरीच्या भाकरी, दुसऱ्याला साध्या बाजरीच्या, दिवसातून दोन वेळा. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चार महिन्यांतच पहिल्या गटाचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, दुसऱ्यापेक्षा चांगला झाला. सुरुवातीला ज्यांच्यात लोह कमी होतं त्यांच्यातली कमतरता भरून येण्याचं प्रमाण १.६४ पट. बेळगाव भागात दोन वर्षांच्या मुलांवर झालेल्या कामातही या बाजरीतून लोह आणि जस्त जास्त शोषलं गेल्याचं दिसलं.

पण नंतर मुंबईतल्या वस्त्यांमध्ये वर्ष-दीड वर्षाच्या बाळांना याच बाजरीचे पदार्थ वरचं अन्न म्हणून दिले. नऊ महिन्यांनी एकूण गटात लोहाच्या तपासण्यांत लक्षणीय फरक निघाला नाही. फक्त मुलग्यांचं हिमोग्लोबिन सुधारलं. माझा अंदाज साधा आहे. एवढं बाळ खाणार किती? तेरा वर्षांचा मुलगा दोन्ही वेळा भाकरी हाणतो, बाळ दोन चमचे पेज. हे वाण जिथं खरोखर पोटभर खाल्ले जातात तिथंच काम करणार.

आणि इथं आपल्या जेवणाची गोम. शहरात बाजरी म्हणजे भोगीची तीळ लावलेली भाकरी, सोबत मिसळीची भाजी आणि लोणी. संक्रांत झाली की डबा बंद, कारण 'बाजरी उष्ण'. वर्षातले दोन महिने खाऊन साठा वाढत नसतो.

---

तिखटमीठ

ताटवाटी, आणि ते चहाचं काय? खरंच शोषण कमी होतं का, की उगीच?

---

ताटवाटी

खरंच. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोह अडवतो, त्यातल्या टॅनिनमुळं. बाजरीत स्वतःचंही एक कुलूप आहे, फायटेट. ते लोह आणि जस्त दोन्ही धरून ठेवतं. दाण्यात ७१ असलं तरी अंगाला लागतं त्याचा छोटासा हिस्सा, दहा टक्क्यांच्या आतच धरा. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यानं फायटेट कमी होतं. म्हणून आंबील हा फार शहाणा पदार्थ. भाकरीला आंबवणं नसतं, तर निदान ताटात लिंबू पिळा, मागून पेरू खा, आवळ्याचं काहीतरी घ्या. क-जीवनसत्त्व असलं की लोह जास्त शोषलं जातं. आणि चहा तासाभरानं.

---

पेठेतला_पोपट

थोडक्यात, लिंबू पिळलं तर गावरान बाजरीनंही भागतं. मग नवीन वाण कशाला?

---

पेशीरचना

दोन्ही करा की. दहा रुपयांतला एक रुपया हातात येणार असेल तर वीस रुपये असलेले बरे.

गावरान म्हणजे जास्त पौष्टिक हे गृहीत धरू नका एवढीच विनंती. गावरान वाणांत काहींत लोह भरपूर असतं, काहींत हायब्रीडपेक्षाही कमी. मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजणंही सोपं नाही. खळ्यावरची धूळ दाण्याला चिकटली की लोहाचा आकडा फुगतो. म्हणून प्रयोगशाळेत सोबत ॲल्युमिनियम मोजतात. ते जास्त आलं तर समजायचं की नमुन्यात माती आहे. गिरणीतल्या लोखंडाचा चुराही असाच गोंधळ घालतो. 'आमच्या सेंद्रिय बाजरीत एवढं लोह' असे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात, तेव्हा मी आधी विचारते, दाणे धुतले होते का?

अवांतर: गव्हाचा एक किस्सा सांगण्यासारखा. खपलीचा रानटी पूर्वज पश्चिम आशियात अजून उगवतो. त्यात एक जनुक सापडलं, जीपीसी-बी१. २००६ मध्ये ते जाहीर झालं. ते असलं की पानं लवकर पिवळी पडतात आणि पिवळी पडताना आपल्यातलं नत्र, लोह, जस्त दाण्याकडं पाठवून देतात. आज पिकणाऱ्या बहुतेक गव्हांत ते जनुक निकामी आहे. पान जास्त दिवस हिरवं राहिलं की दाणा भरतो खरा, पण कस पानातच अडकून राहतो. उत्पादन आणि पोषण यांची ओढाताण कुठं असते ते यावरून कळतं.

---

उकडा_भात

गोव्यातून. आमच्याकडं बाजरी नाही, भात. तुमच्या चर्चेत तांदूळ फारच कमी आला म्हणून लिहितो. तांदळात लोह बहुतेक कोंड्यात असतं, पॉलिश केला की संपलं. त्यामुळं तांदळात शास्त्रज्ञ लोहामागं न लागता जस्तामागं लागले, कारण जस्त दाण्याच्या आतपर्यंत असतं. बांगलादेशानं २०१३ मध्ये जस्ताचा पहिला भात आणला, आपल्याकडं हैदराबादच्या भात संस्थेचा डीआरआर धान ४५ आला २०१६ ला, पॉलिश केल्यावरही जस्त किलोला २२.६ मिलिग्रॅम. साध्यात १२ ते १६ असतं.

आणि एक. उकडा तांदूळ करताना भात साळीसकट भिजवून उकडतात, त्यात कोंड्यातलं ब-जीवनसत्त्व आतल्या दाण्यात उतरतं. आमच्या पेजेत ते असतं. पुण्याच्या भावोजींना उकड्याचा वास सोसत नाही, त्यांनी आंबेमोहोर खावा, आमची हरकत नाही.

---

सेविका_मावशी

मी अंगणवाडीत आहे, विदर्भात. तुम्ही लोक दाण्यातच कस भरायच्या गोष्टी करता, आमच्याकडं कसाचा दाणा वरून मिसळून आला. रेशनचा तांदूळ २०२४ पर्यंत सगळा पोषणयुक्त झाला. शंभर दाण्यांत एक दाणा कारखान्यात केलेला, तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून दाबलेला. २०२१ च्या पंधरा ऑगस्टला घोषणा झाली आणि २०२४ च्या मार्चपर्यंत सगळ्या योजनांत आला.

लोक म्हणतात प्लास्टिकचा तांदूळ. पाण्यात तरंगतो, रंग जरा वेगळा, मग बाया सुपात घेऊन निवडून काढतात आणि कोंबड्यांना टाकतात. लोह कोंबड्यांना! आम्ही समजावतो, शिजवून दाखवतो, तरी निवडतात. त्यात आमच्या भागात सिकलसेलचे पेशंट. सुरुवातीला पोत्यावर लिहिलेलं असायचं की सिकलसेल, थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरला विचारा. अशिक्षित माणसाला ते कोण वाचून दाखवणार?

म्हणून मला तुमची बाजरीची गोष्ट आवडली. निवडून काढताच येत नाही. सगळे दाणे सारखे.

---

जिरायतदार

मावशी, तुम्ही बरोबर मर्मावर बोट ठेवलंत. निवडून काढता येत नाही हा तिचा गुण, आणि ओळखता येत नाही हाच तिचा बाजारातला दोष. नारिंगी रताळं किंवा पिवळा मका दिसायला वेगळा असतो. लोहाला रंग नाही, वास नाही, चव नाही. अडत्यानं माझं का ऐकावं?

---

एडिसनचा_जोशी

न्यू जर्सीत राहतो. इथं मैद्यात आणि सीरियलमध्ये लोह गेली ऐंशी वर्षं मिसळतात, कुणी बोलत नाही. इंडियन स्टोअरमध्ये बाजरीचं पीठ मिळतं, पण तीन महिन्यांपूर्वी दळलेलं आणि कडू. या लोहवाल्या बाजरीचं पीठ पाकिटात, लेबल लावून का विकत नाहीत? मी दुप्पट पैसे देईन.

---

तिखटमीठ

जोशीबुवा, बाजरीचं पीठ पाकिटात टिकतच नाही. तिच्यात तेल जास्त, दळल्यावर आठ-दहा दिवसांत कडवट होतं. म्हणून तर आपण थोडं थोडं दळून आणतो. तिकडं दाणे मागवा आणि घरी दळा.

---

पेशीरचना

बरोबर. दळलं की दाण्यातलं लायपेज नावाचं विकर तेल फोडायला लागतं. दाणे आधी थोडा वेळ वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात काढून वाळवले तर ते विकर मरतं आणि पीठ जास्त टिकतं. पण ही पायरी पीठगिरणीवाला करत नाही आणि कारखान्यानं केली तर किंमत वाढते. मग ते पीठ जोशीबुवांसारख्यांच्या घरी जातं, ज्यांना रक्तक्षय नाही.

---

खळ्यावरचा

वाण वाण चाललंय, मातीचं कुणी बोलत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असूनही पिकाला लागत नाही. कितीही भारी वाण आणा, मुळाला मिळालं नाही तर दाण्यात येणार कुठून? तुर्कस्तानात नव्वदच्या दशकात हेच झालं. मध्य अनातोलियातला गहू वाढेना, इस्माईल चकमाक या शास्त्रज्ञानं दाखवलं की जमिनीत जस्त नाही. खतात जस्त मिसळायला लागले आणि पीक सुधारलं. फिनलंडनं तर १९८० च्या दशकात कायद्यानं खतात सेलेनियम घातलं.

आपल्याकडं हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्यायचं. दाण्यात जस्त भरायचं असेल तर आणखी एक: दाणे चिकात असताना अर्धा टक्का झिंक सल्फेटची फवारणी, निम्म्या चुन्याच्या निवळीबरोबर, नाहीतर पानं करपतात. जस्ताला हे लागू पडतं. लोहाची फवारणी पान हिरवं करते, पण दाण्यात फारसं उतरत नाही. लोहासाठी वाणच हवा. म्हणजे भांडण नाहीच, दोन्ही लागतं.

मात्र फवारणीचा खर्च माझा, जस्त तुमच्या पोटात. बाजरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २७७५ रुपये होता, आणि हमीभावसुद्धा बाजारात नेहमी मिळतोच असं नाही. शेतकऱ्यानं स्वखर्चानं देशाचं पोषण करावं ही अपेक्षा कुणी ठेवू नये.

---

ताटवाटी

सरकारनं ही बाजरी वेगळी खरेदी करून निवासी शाळा, आश्रमशाळा, अंगणवाड्यांना द्यावी. अभ्यास तिथंच झाला ना? मुलं रोज जेवतात, ताट एकाच स्वयंपाकघरातून येतं.

---

जिरायतदार

तेच मीही आधी म्हणायचो. पण खरेदी केंद्रावर पोतं आलं की ते लोहवालं हे ओळखणार कोण? प्रत्येक पोत्याचा नमुना तपासणार? नाही जमत. एक मार्ग म्हणजे गावच्या गावं एकाच वाणाखाली, गटशेती, आणि माल थेट शाळेला. छोट्या प्रमाणात होईल. राज्यभर नाही.

---

पेशीरचना

म्हणूनच मला २०१८ चा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याची बातमी कुठंच झाली नाही. अखिल भारतीय बाजरी संशोधन प्रकल्पानं ठरवलं की यापुढं चाचणीतून प्रसारित होणाऱ्या कुठल्याही बाजरीत लोह किमान ४२ आणि जस्त किमान ३२ मिलिग्रॅम असलंच पाहिजे. नाहीतर उत्पादन कितीही असो, वाण नापास. असा नियम जगात कुठल्याच पिकाला नव्हता. याचा अर्थ वेगळं लेबल नको, वेगळा भाव नको, अडत्याला पटवायला नको. बार्शीकरांची कडब्याची अट पुरी करणाऱ्या वाणातही लोह राहणारच. पन्नास वर्षांपूर्वी जे मोजलं नव्हतं ते आता मोजतात, एवढाच फरक.

२०२० आणि २०२१ मध्ये पंतप्रधानांनी नवे वाण देशाला अर्पण केले, त्यांचे फोटो आले. पण माझ्या मते त्या समारंभांपेक्षा ही एक ओळ जास्त पोटांत जाईल.

---

जिरायतदार

मान्य, पण फट आहे. खाजगी कंपन्यांचं पुष्कळ संकरित बियाणं सत्यप्रत म्हणून, म्हणजे कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावून, विकलं जातं. त्याला सरकारी अधिसूचना लागत नाही, म्हणून ही चाळणीही लागत नाही. आमच्या तालुक्यात दुकानात जी पिशवी चालते ती तीच. किमान पातळी पिशवीवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाजरीला लागू करा, मग मी धनशक्तीचा हट्ट सोडतो. आणि ४२ हा आकडाही जपूनच धरलाय, बाजारातल्या सरासरी हायब्रीडइतका. दर काही वर्षांनी तो वर सरकला पाहिजे.

---

पेशीरचना

सत्यप्रतचा मुद्दा बिनतोड आहे. मोठ्या कंपन्यांना लोहाचे जनक वाण इक्रिसॅटकडून मिळतात, त्यांना हे करणं अवघड नाही. सक्ती नाही म्हणून होत नाही. आकडा हळूहळू वर नेण्याबद्दलही सहमत. एकदम ७० केला तर उत्पादनात मार खाणारे वाण येतील आणि शेतकरी ते पेरणार नाही.

---

पेठेतला_पोपट

हे मात्र मला पटलं. सक्ती कंपन्यांवर करा, शेतकऱ्यावर नको. (आजीच्या बाजरीबद्दल माझं मत कायम.)

---

सेविका_मावशी

जिरायतदार भाऊ, आमच्या गावात चार-पाच बाया परसात बाजरी लावायला तयार आहेत. धनशक्तीचं बी कुठं मिळेल, आणि पुढच्या वर्षी तेच धरलं तर चालेल का? परत परत विकत घेणं जमणार नाही.

---

जिरायतदार

मावशी, चालेल. हा सुधारित वाण आहे, हायब्रीड नाही, घरचं बी धरता येतं. राहुरीच्या विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात मे महिन्यात चौकशी करा; तिकडून लांब पडत असेल तर तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राला मागणी नोंदवायला सांगा.

बी धरताना एवढं बघा. बाजरीचं परागीभवन वाऱ्यानं होतं, शेजारी दुसरी बाजरी असेल तर दोन-तीन वर्षांत बी बिघडतं आणि लोहही घसरतं. जवळपास दोनशे मीटरवर दुसरी बाजरी नको. परसात ते जमणार नाही, म्हणून पाचहीजणींनी मिळून एकाच ठिकाणी एक गुंठा बियाण्याचा ठेवा. निसवताना गोसावी लागलेलं, म्हणजे कणसाच्या जागी पानांचा झुपका आलेलं, झाड दिसलं की उपटून जाळा. कणसं मधल्या ओळींतली निवडा, कडेची नाही. एकाच झाडाची दोन-चार कणसं धरू नका, निदान शे-दोनशे झाडांची एकेक घ्या, नाहीतर बी कमजोर होत जातं. उन्हात कडक वाळवून राखेत ठेवा.

---

खळ्यावरचा

आणि पाखरं. पाच जणींच्या परसात चिमण्या कणीस ठेवणार नाहीत. लवकर येणारी बाजरी गावात सगळ्यात आधी दाण्यावर येते, अख्ख्या शिवाराची पाखरं तिथंच उतरतात. राखणीला पोरं बसवा किंवा कणसांना जुन्या साडीची फडकी बांधा.

---

सेविका_मावशी

साड्या भरपूर आहेत. मे महिन्यात कृषी विज्ञान केंद्रात जाते, काय सांगतात ते इथंच लिहीन.